कर्णा झाकला, कर्णा उघडला

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काही महिन्यांपूर्वी पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि थबकलोच. हॉलमध्ये माणसाच्या उंचीचे दोन खोके उभे. पुढे कापड नाही, जाळी नाही, नुसते काळे गोल डोळे वटारलेले. मधे एक लोखंडी धूड, त्याच्या डोक्यावर काचेच्या नळ्या पेटलेल्या. सगळ्याला जोडणाऱ्या वायरी अशा जाड, की मला आमच्या मेहकरच्या विहिरींवरच्या मोटारपंपाची केबल आठवली. किंमत विचारली नाही. भाच्याच्या बायकोनेच सांगितली, आणि वर म्हणाली, ''मामू, एवढ्या पैशात दोन कपाटं आणलीत यांनी, आणि त्यांत एक साडीसुद्धा ठेवता येत नाही.''

भाचा म्हणाला, ''मामू, डोळे मिटा आणि ऐका.'' त्याने अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ठुमरी लावली. डोळे मिटले तेव्हा मिरजेचे खाँसाहेब समोर बसले होते. डोळे उघडले तेव्हा समोर ती दोन कपाटं होती.

मंडळी, मला वाटलं होतं हा नवरा-बायकोचा वाद आहे. घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा लक्षात आलं, की हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. घरात चांगला आवाज हवा, पण तो देणारं यंत्र डोळ्यांना खुपू नये, ही ओढाताण पहिल्या फोनोपासून चालू आहे.

एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ केला. एमिल बर्लिनरने 1887 मध्ये चपट्या तबकडीचा ग्रामोफोन आणला. त्या यंत्रात वीज नव्हती. चावी भरायची, तबकडी फिरायची, पिन खाचेतून जाताना थरथरायची आणि ती थरथर अभ्रकाच्या एका लहानशा पडद्याला मिळायची. एवढासा पडदा खोलीभर हवा हलवणार कशी? त्यासाठी कर्णा. पडद्याजवळ अरुंद आणि पुढे हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा त्या थरथरीला हवेच्या हवाली करतो. कर्णा जितका मोठा, तितका खर्जाचा भाग चांगला ऐकू येतो. म्हणजे तो शोभेसाठी नव्हता, पोटापाण्यासाठी होता.

पण दिसण्याचा प्रश्न तेव्हाच सुरू झाला. ग्रामोफोनपुढे बसलेला कुत्रा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने ते चित्र प्रथम काढलं, तेव्हा कुत्र्यापुढे काळ्या कर्ण्याचा फोनोग्राफ होता. चित्र उठून दिसेना. पितळी कर्णा काढला तर उजळेल, असं त्याला कुणी सुचवलं. नमुन्यासाठी पितळी कर्णा उसना मागायला तो लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला. कंपनीने सांगितलं, आमचंच यंत्र काढा, चित्र आम्ही विकत घेतो. हे 1899 साल. जगातलं एक फार प्रसिद्ध व्यापारचिन्ह जन्माला आलं, ते काळा कर्णा दिसायला बरा नव्हता म्हणून.

आपल्याकडे 1902 मध्ये कलकत्त्याला गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि कर्ण्याचा फोनो हळूहळू संस्थानिक, सावकार, वकील यांच्या दिवाणखान्यात पोचला. तिथे तो कौतुकाची वस्तू होता. पण अमेरिकेत गृहिणी कंटाळल्या होत्या. तो अवजड कर्णा जागा अडवतो, धूळ खातो, कुणाचा तरी धक्का लागून पोचे पडतात. मग 1906 मध्ये व्हिक्टर कंपनीने 'व्हिक्ट्रोला' आणला. त्यात कर्णा वाकवून, खाली वळवून, लाकडी कपाटाच्या पोटात दडवला होता. पुढे दोन दारं. आवाज मोठा हवा तर दारं उघडा, लहान हवा तर लोटून घ्या. पहिल्या यंत्राची किंमत 200 डॉलर, त्या काळात ती मोठी रक्कम होती. तरी माणसं रांगेने घेऊ लागली. यंत्राचं फर्निचर झालं.

आवाजाने मात्र त्याची किंमत मोजली. कपाटात मावेल एवढाच कर्णा ठेवायचा म्हणजे खर्ज कापला जाणार. पुढे 1925 मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि त्याच वर्षी कर्ण्याची वळणं गणिताने आखलेला नवा व्हिक्ट्रोलाही आला, तेव्हा कुठे ही उणीव बरीचशी भरून निघाली.

आणि इथे इतिहासाने एक गंमत केली. सगळं जग कर्णा लपवत असताना लंडनमधले काही हट्टी कारागीर उलट दिशेला गेले. ई. एम. जी. नावाची छोटी कंपनी हाताने ग्रामोफोन बनवायची. त्याचा कर्णा कागदाच्या लगद्याचा, आणि इतका मोठा की छोट्या खोलीत माणसाने बसावं कुठे हा प्रश्न पडावा. दिसायला बेढब, किमतीला भारी, पण कानसेनांची त्याच्यावर श्रद्धा. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टी. ई. लॉरेन्सच्या क्लाउड्स हिल इथल्या घरातही असाच मोठ्या कर्ण्याचा ग्रामोफोन होता. म्हणजे सर्वसामान्य माणसासाठी देखणं कपाट आणि शौकिनासाठी बेढब कर्णा, ही वाटणी 1930 च्या आसपासच झालेली होती. माझा भाचा काही नवीन करत नाही.

आता आमच्या गावाकडे येतो. मेहकर म्हटलं की लोकांना शारंगधर बालाजी आठवतो, कंचनीचा महाल आठवतो, पैनगंगा आठवते. कवितेच्या माणसाला मात्र ना. घ. देशपांडे आठवतात. मेहकरला वकिली करणारे हे कवी. 1986 मध्ये 'खूणगाठी' या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते त्याच्या कितीतरी आधी, तबकडीमुळे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी त्यांची 'शीळ' ही कविता गायली आणि एच. एम. व्ही. ने ती काढली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना या तबकडीला वळसा घालून जाताच येत नाही. ना. घं.चा 'शीळ' हा संग्रह पुस्तकरूपाने आला 1954 मध्ये. म्हणजे वाचकाच्या हाती पुस्तक पडण्याआधी वीस-बावीस वर्षं श्रोत्याच्या कानी कविता पडलेली होती!

ती कशातून पडली? एच. एम. व्ही. चा 102 नावाचा पेटीफोनो 1931 मध्ये निघाला. प्रवासी बॅगेसारखी काळी पेटी, कर्णा आत घडी घातलेला, दिसायला अगदी साधी. अशाच पेट्यांतून, सव्वातीन मिनिटांच्या मर्यादेत, खरखरीसकट, पैनगंगेच्या काठची कविता मुंबई-पुण्याच्या माड्यांवर वाजली. त्या पेटीला कुणी सुंदर म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पण एक कवी म्हणून मी त्या पेटीचा ऋणी आहे.

नंतर रेडिओ आला. मुंबईचं केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं, आमच्या विदर्भाला नागपूरचं केंद्र 1948 मध्ये मिळालं. रेडिओने तोच धडा पुन्हा गिरवला. आतलं यंत्र म्हणजे तारा, नळ्या आणि जस्ताचे डबे. ते लाकडी पेटीत घालायचं. इंग्लंडात मर्फी कंपनीच्या पेट्या आर. डी. रसेल या फर्निचर आखणाऱ्या माणसाने काढल्या, नक्षी टाळून, सरळ रेषांच्या. एको कंपनीने 1934 मध्ये वेल्स कोट्स या वास्तुकाराकडून बॅकेलाइटचा गोल रेडिओ करून घेतला. तोही काळ्याबरोबर अक्रोडी लाकडाच्या रंगात विकायला ठेवावा लागला, कारण रेडिओ लाकडाचा दिसावा ही लोकांची सवय.

आमच्या घरी अब्बांनी घेतलेला असाच एक लाकडी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. पोस्टात जाऊन त्याच्या लायसन्सचे पैसे भरावे लागत. बटण फिरवल्यावर लगेच आवाज येत नसे, आधी पिवळा दिवा लागे, मग नळ्या तापत, मग कुठून तरी लांबून माणूस चालत यावा तसा आवाज येई. संध्याकाळी बातम्यांना गल्लीतले काका लोक ओट्यावर बसत. अम्मीला मात्र तो उघडा बोडका दिसे. तिने त्याला जाड कापडाचं अंगरखं शिवलं, वर क्रोशाचा रुमाल, आणि मागची भोकं दिसू नयेत म्हणून पेटी भिंतीला चिकटवून ठेवली. एका उन्हाळ्यात करपल्याचा वास आला आणि रेडिओ मुका झाला. मेकॅनिकने मागचं पान काढलं आणि म्हणाला, ''भाभी, याला श्वास घ्यायला जागा लागते.'' ट्रान्सफॉर्मर जळाला होता. अम्मी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग तिनेच कापडाची पाठ कापून टाकली.

मेकॅनिकचं ते वाक्य मला पुष्कळ वर्षांनी समजलं. या यंत्रांची सगळीच कुरूपता हौसेची नसते. व्हॉल्व्ह तापतात, म्हणून उघडे हवेत. ट्रान्झिस्टरच्या मोठ्या अॅम्प्लिफायरला पत्र्यांचे काटे असतात, तेही उष्णता बाहेर टाकायला. आणि खर्जाचा मामला तर निसर्गाचाच: सेकंदाला 50 कंपनांच्या स्वराची एक लाट हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. तेवढी हवा हलवायची तर कुठेतरी मोठा पडदा, मोठी पेटी, नाहीतर मोठा कर्णा लागणारच. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने 1957 मध्ये एक नावाजलेला स्पीकर काढला, त्यात पेटीच नव्हती, ताणलेला पातळ पडदा होता. आवाज निर्मळ. दिसायला मात्र हुबेहूब खोलीतला विजेचा हीटर! जर्मनीच्या ब्राऊनने 1956 मध्ये पांढऱ्या पत्र्याचा, वर पारदर्शक झाकणाचा रेडिओ-ग्रामोफोन काढला. लोकांनी त्याला 'हिमगौरीची शवपेटी' म्हणून हिणवलं. आज तो संग्रहालयांत आहे. कुरूप म्हणजे काय, हे ठरवायला कधीकधी पन्नास वर्षं लागतात.

तरीही दुसरी बाजू सांगितली नाही तर हा अन्याय होईल. आजच्या महागड्या यंत्रांत काही कुरूपता दिखाऊसुद्धा आहे. पूर्वी श्रीमंती दाखवायला नक्षी कोरत, आता कातडी सोललेलं यंत्र ठेवतात. चांगल्या विणीच्या पातळ कापडातून आवाज फारसा अडत नाही, मग स्पीकरला कापड का नको? आणि भाच्याला मी आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर घुमत नव्हती, कारण बायकोने जाड पडदे लावले होते, गालिचा अंथरला होता, भिंतीशी पुस्तकांचं कपाट ठेवलं होतं. उघड्या भिंतींच्या खोलीत त्या लाखांच्या यंत्राचाही कालवा झाला असता. निम्मं काम तर तिच्या पडद्यांनी केलं होतं, आणि त्याचं श्रेय तिला कुणी दिलं नव्हतं.

अब्बांच्या रेडिओचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. घरात टू-इन-वन आला. चंदेरी, चकचकीत, दोन कॅसेटींचा. शोकेसमध्ये त्याच्याशेजारी तो जुना लाकडी खोका आम्हा भावंडांना बरा दिसेना. भंगारवाल्याला देऊन टाकला. अब्बा काही बोलले नाहीत. पुढे ते आजारी पडले तेव्हा उशाशी मी नवा ट्रान्झिस्टर ठेवला. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, ''आवाज साफ आहे बेटा, पण यात माणूस लांब बसलाय.'' तेव्हा मला वाटलं, आजारी माणसाचं बोलणं. लहान पेटीत आणि पातळ प्लॅस्टिकमध्ये खर्ज राहत नाही, माणसाच्या छातीतला आवाज राहत नाही, हे कळायला मला पुण्याची ती दोन कपाटं बघावी लागली.

त्या संध्याकाळी मी भाच्याला 'शीळ' लावायला सांगितलं. आधी पिनेची खरखर आली, मग आवाज. सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दाराशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मी या वेळी डोळे मिटले नाहीत. कपाटं तशीच बेढब होती. पण गाणारा माणूस जवळ बसला होता.