थकलेली पोटगी आणि विम्याचा चेक

आज एका माणसाची कल्पना करून सुरुवात करू. हा अमेरिकेत राहतो. घटस्फोट झालाय, कोर्टाने मुलीसाठी दरमहा पोटगी ठरवून दिलीय, आणि हा गडी ती भरतच नाही. नोकऱ्या बदलतो, कामाचे पैसे रोख घेतो, बँकेत काही ठेवत नाही. एक दिवस त्याच्या गाडीला मागून कोणीतरी ठोकतं आणि विमा कंपनीकडून त्याला घसघशीत भरपाई मंजूर होते. आता सांगा, त्या चेकवर पहिला हक्क कोणाचा?

याचं देशपातळीवरचं उत्तर सापडायला अमेरिकेला तीस वर्षं लागली.

४ जानेवारी १९७५ ला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एका कायद्यावर सही केली. पोटगीची वसुली राज्यांकडेच राहिली, पण केंद्र सरकार पैसा आणि यंत्रणा घेऊन त्यात उतरलं. गंमत म्हणजे सही करतानाच फोर्ड यांनी नाराजी नोंदवली. घरगुती मामल्यात केंद्राने इतकं घुसावं का? बापाचा पत्ता शोधायला सगळ्या सरकारी नोंदी उघडल्या, तर खासगीपणाचं काय?

ही शंका तिथेच राहिली आणि जाळं विणलं जात गेलं. १९८१ मध्ये टॅक्स रिफंड अडवायला सुरुवात झाली. १९८४ मध्ये थकबाकीदाराच्या पगारातून कपात आली. १९९६ मध्ये नव्या नोकरीवर लागणाऱ्यांची राष्ट्रीय यादी आणि बँक खात्यांची दर तिमाहीला पडताळणी सुरू झाली.

तरी आपला रोखीवाला गडी सुटतच होता. विम्याचा पैसा एकदाच येतो आणि आठवड्याभरात खर्चूनही होतो. त्यामुळे चेक निघायच्या आधीच पकडलं पाहिजे.

काही राज्यांनी आधी सुरुवात केली. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने अनेक राज्यांसाठी मिळून एक नेटवर्क चालवलं. न्यू जर्सीत वकिलाची फी आणि दवाखान्याचा खर्च वजा जाऊन २००० डॉलरपेक्षा जास्त उरत असेल, तर पैसे देण्याआधी पोटगीची थकबाकी तपासणं सक्तीचं झालं. मग ८ फेब्रुवारी २००६ ला जॉर्ज बुश यांच्या सहीने केंद्रालाही अशी पडताळणी करायचा अधिकार मिळाला.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे दोन टेबलांचं जॉइन आहे. एकीकडे थकबाकीदारांची यादी, दुसरीकडे विम्याचे क्लेम. नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर जुळला, की राज्याला कळवलं जातं. राज्य त्या रकमेवर बोजा चढवतं, अगदी आपल्या सातबाऱ्यावर बँकेचा चढतो तसा. कंपन्यांनी चांगल्या हेतूने माहिती दिली, तर त्यांच्यावर दावा चालत नाही, हेही कायद्यात लिहिलंय. त्याशिवाय कोण डेटा देणार?

इथे टाळ्या वाजवाव्यात असं वाटतं. पण थांबा. १९७५ च्या कायद्यामागे मोठा हेतू होता सरकारी मदतीचा खर्च भरून काढण्याचा. आई त्या मदतीवर जगत असेल, तर वसूल झालेली पोटगी बऱ्याचदा सरकारच ठेवून घ्यायचं. १९८४ पासून महिन्याचे पहिले ५० डॉलर घरी द्यायचा नियम होता, तोही १९९६ मध्ये गेला. २००६ च्या कायद्याने राज्यांना यात थोडी मोकळीक दिली. म्हणजे सिस्टीम पैसा पकडते, पण तो मुलीच्या वहीपर्यंत पोचतो का, हे मॅचिंगचा कोड ठरवत नाही. ते धोरण ठरवतं. शिवाय जखमी बापही बऱ्याचदा गरीबच असतो.

आपल्याकडे पोटगीच्या अर्जाची वाट आधी कलम १२५ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलं. म्हणजे आपण अजून माणसालाच विचारतोय, ‘बाबा रे, तुझ्याकडे काय आहे?’ अमेरिकेने ते डेटाबेसला विचारलं.

उद्या आपणही डेटाबेसला विचारू, हे मला जवळपास पक्कं वाटतं. तेव्हा फोर्ड यांची शंका आठवा, आणि सोबत आणखी एक प्रश्न नक्की विचारा : पकडलेला रुपया शेवटी जातो कोणाच्या घरी?

भेटू पुढच्या भागात!