अधिकार मर्यादित, प्रभाव मोठा: सर्जन जनरल डॉ. कूप

अमेरिकेतील 'सर्जन जनरल' हे पद ऐकायला भारदस्त वाटते. प्रत्यक्षात या अधिकाऱ्याला कायदा करता येत नाही, औषधांना परवानगी देता येत नाही आणि मोठा निधीही त्याच्या हाती नसतो. सरकारी आरोग्य सेवेतील गणवेशधारी अधिकाऱ्यांचे नेतृत्व करणे आणि जनतेला आरोग्याविषयी सल्ला देणे, हे त्याचे मुख्य काम. मग अशा पदाला वजन कशाने येते? डॉ. सी. एव्हरेट कूप (१९१६–२०१३) यांच्या कारकिर्दीवरून हे समजून घेऊ.

१. नियुक्ती
कूप हे फिलाडेल्फियाचे नामवंत बालशल्यविशारद. ते श्रद्धाळू ख्रिस्ती आणि गर्भपाताचे कडवे विरोधक होते. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८१ मध्ये त्यांची निवड केली, तेव्हा महिला संघटनांनी जोरदार विरोध केला. सिनेटच्या मंजुरीला कित्येक महिने लागले. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी पदभार स्वीकारला.

२. तंबाखू
धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालाने मांडला होता. कूप यांच्या काळात हे काम पुढे गेले. शेजारच्याच्या धुरानेही निरोगी माणसाला कर्करोग होऊ शकतो, असे १९८६ च्या अहवालाने सांगितले. तर निकोटिनचे व्यसन हेरॉइन-कोकेनसारखेच जडते, असे १९८८ च्या अहवालाने.

३. एड्स
अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण १९८१ मध्ये नोंदले गेले. सुरुवातीची काही वर्षे सरकारने कूप यांना या विषयापासून दूरच ठेवले. ऑक्टोबर १९८६ मध्ये त्यांचा अहवाल आला, तोपर्यंत हजारो रुग्ण दगावले होते. अहवालाची भाषा साधी व स्पष्ट होती: रोग कशाने पसरतो, कशाने पसरत नाही, निरोध का वापरावा, शाळेत लैंगिक शिक्षण का द्यावे. त्यांचे जुने समर्थक संतापले. १९८८ मध्ये या विषयावरची माहितीपुस्तिका टपालाने सुमारे १० कोटी ७० लाख घरी पाठवण्यात आली.

४. खरी कसोटी
गर्भपाताचा स्त्रीच्या आरोग्यावर होणारा परिणाम तपासावा, असे रेगन यांनी सांगितले होते. समर्थकांना हवे ते उत्तर देणे कूप यांना सोपे होते. पण जानेवारी १९८९ मध्ये त्यांनी कळवले की, उपलब्ध अभ्यासांवरून कोणताही ठाम निष्कर्ष काढता येत नाही. गर्भपाताला त्यांचा विरोध कायम होता. पुराव्यात मात्र त्यांनी तो मिसळला नाही. त्याच वर्षी त्यांनी पद सोडले.

५. निष्कर्ष
ज्यांनी कूप यांच्या नियुक्तीला विरोध केला, त्यांच्यापैकी अनेक जण पुढे त्यांचे प्रशंसक झाले. त्यांची मते बदलली नव्हती. पण हा माणूस मत आणि पुरावा वेगळे ठेवतो, हे लोकांना पटले. पुलाचा किंवा बॉयलरचा तपासणी अहवाल लिहिणाऱ्या अभियंत्यालाही हेच लागू पडते. काम थांबवण्याचा हुकूम बहुधा त्याच्या हाती नसतो, पण अहवालात काय लिहायचे हे त्याच्या हाती असते.

स्वाध्याय
१. सर्जन जनरल पदाच्या मर्यादा सांगा.
२. १९८६ चा एड्स अहवाल उशिरा आला. याची जबाबदारी कोणाची? सकारण लिहा.