वर्णभेद आणि वेदी : न्यू ऑर्लिन्सच्या ख्रिस्तसभेची साक्ष

वर्णावरून माणसामाणसांत भेद करणे हे पाप आहे, हे आज कोणत्याही धर्मशिक्षकाला सांगावे लागत नाही. स्नानसंस्काराच्या धड्यातच ते येऊन जाते. तथापि धड्यातले हे सत्य देवालयातल्या बाकापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, आणि त्या काळाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या न्यू ऑर्लिन्स धर्मप्रांताचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात प्रॉटेस्टंट पंथीयांचे प्राबल्य असले, तरी लुइझियाना हा फ्रेंच व स्पॅनिश अमलाखाली वाढलेला कॅथलिक प्रदेश. तेथे लागू केलेल्या १७२४ च्या फ्रेंच कायद्याने गुलामांना स्नानसंस्कार व धर्मशिक्षण देण्याचे बंधन मालकांवर घातले होते. परंतु ज्याला प्रभूचे लेकरू म्हणावयाचे त्यालाच बाजारात विकावयाचे, ही विसंगती त्या कायद्याला खटकली नाही. ती धर्मसंघांनाही पुरेशी खटकली नाही. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्रीपुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकली. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाऊन येथील त्यांच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास लागला. पुढच्याच वर्षी, १८३९ साली, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे प्रेषितीय पत्र काढले. शिकवण आणि आचार यांतील अंतर मोजावयाचे झाल्यास या दोन सालांकडे पाहावे. येशूसंघाने व जॉर्जटाऊन विद्यापीठाने त्या लोकांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली ती २०१७ साली.

गुलामगिरी संपली, पण तिच्या जागी विभक्तता आली. न्यू ऑर्लिन्समध्ये १८९५ साली कृष्णवर्णीयांसाठी पहिला स्वतंत्र धर्मग्राम स्थापन झाला. त्यांना हक्काची जागा मिळेल, असे समर्थन त्या वेळी करण्यात आले; शहरातील अनेक कृष्णवर्णीय कॅथलिकांनी मात्र ही फारकतीची सुरुवात आहे, असे म्हणून विरोध केला. त्यांचे भय खरे ठरले. गोऱ्यांच्या देवालयात गेलेल्या कृष्णवर्णीय भाविकाला मागच्या बाकावर बसावे लागे आणि गोरे परतल्यावर ख्रिस्तप्रसादासाठी पुढे जावे लागे.

गुरुपदाचे दारही असेच बंद होते. गुलामगिरीत जन्मलेल्या ऑगस्टस टोल्टन यांना अमेरिकेतील एकाही सेमिनरीने प्रवेश दिला नाही. अखेर रोममधील प्रपागांडाच्या महाविद्यालयात शिकून १८८६ साली त्यांना तेथेच गुरुदीक्षा मिळाली. २०१९ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले. गोव्याच्या वाचकांना येथे दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सतराव्या शतकात गोव्यात गुरुदीक्षा नाकारली गेल्यावर तेही रोमलाच गेले, आणि त्याच प्रपागांडाच्या पाठिंब्याने १६३७ साली बिशप झाले. दोघांच्या काळात अडीचशे वर्षांचे अंतर आहे. घरचे दार बंद होण्याचे कारण मात्र फारसे वेगळे नव्हते.

न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल हे जन्माने जर्मन. १९४९ साली शहरात एक धर्मयात्रा निघावयाची होती. गोऱ्यांबरोबर कृष्णवर्णीयांना चालू देण्यास नगराधिकाऱ्यांनी नकार देताच त्यांनी ती रद्द केली. १९५१ साली देवालयांतील वर्णदर्शक पाट्या काढविल्या. १९५३ च्या पाळकीय पत्राने बाकांवरील व ख्रिस्तप्रसादाच्या वेळचा भेद संपविण्याची आज्ञा दिली. १९५५ साली जेझुइट बेंड या खेड्यात काही गोऱ्या भाविकांनी एका कृष्णवर्णीय धर्मगुरूला मिस्सा अर्पण करू दिली नाही, तेव्हा त्यांनी तेथील उपासनाच बंद केली. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिले, की वर्णविभक्तता मानवजातीची एकता नाकारते, म्हणून ती पाप आहे.

येथवर हा इतिहास अभिमानास्पद आहे. परंतु शाळांचे दार उघडण्याची वेळ आली, तेव्हा पाऊल अडखळले. प्रापंचिकांच्या एका संघटनेने थेट पोपकडे दाद मागितली. रोमने तिची बाजू घेतली नाही. राज्याच्या विधिमंडळातून कॅथलिक शाळांना मिळणारे साहाय्य थांबविण्याच्या धमक्या येऊ लागल्या. पालक मुले काढून घेतील, देणग्या आटतील, हे भय होतेच. आर्चबिशप वृद्ध झाले होते, दृष्टीही मंदावत होती. १९५६ साली जाहीर केलेला संकल्प वर्षामागून वर्षे लांबणीवर पडला. १९६० साली शहराच्या सरकारी शाळांत चार कृष्णवर्णीय मुलींनी प्रवेश केला, त्या वेळी कॅथलिक शाळा बंदच होत्या.

अखेर मार्च १९६२ मध्ये आज्ञा निघाली आणि एप्रिलमध्ये तिला उघड विरोध करणाऱ्या तिघा पुढाऱ्यांना बहिष्कृत करण्यात आले. सप्टेंबरमध्ये शाळा एकत्र भरल्या. ब्यूरस गावच्या कॅथलिक शाळेत मोजकी कृष्णवर्णीय मुले येताच गोऱ्या पालकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला, आणि १९६३ साली तेथे स्फोट घडविण्यात आला. परंतु बहुतेक शाळांतून, ज्याची एवढी धास्ती घेतली होती तसे काही घडले नाही.

याउलट सेंट लुईसचे आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी १९४७ सालीच आपल्या शाळांतील भेद मोडला. काही पालक न्यायालयात जाण्यास सज्ज झाले. बहिष्काराचा इशारा देणारे पत्र सर्व देवालयांत वाचले जाताच विरोध मावळला. विभक्त सरकारी शाळांविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्यास त्या वेळी सात वर्षे अवकाश होता.

रमेल यांच्या सचोटीविषयी आम्हांला शंका नाही. परिस्थिती सेंट लुईसपेक्षा कठीण होती, हेही मान्य केले पाहिजे. तरीही एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. त्या सहा वर्षांत आर्चबिशपांचे पद गेले नाही, की धर्मप्रांताच्या शाळा ओस पडल्या नाहीत. १९५६ साली पहिलीत असावयाचे मूल १९६२ साली सातवीत जाण्याच्या वयाचे झाले, एवढेच घडले. विलंबाची किंमत त्या मुलाने मोजली. दुर्बलांच्या वतीने धीर धरणे आपणांस नेहमी सोपे जाते. कारण तो धीर आपला नसतो.

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ साली आपल्या दलितविषयक धोरणात, अस्पृश्यता ख्रिस्तसभेच्या आतही आहे, अशी कबुली दिली. जात आणि वर्ण या एकच गोष्टी नव्हेत. परंतु ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत शेवटी उभे राहण्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच. न्यू ऑर्लिन्समध्ये शिकवणीची उणीव कधीच नव्हती. ती रविवारी सकाळी आपल्याच लोकांसमोर अमलात आणण्याचे काम तेवढे उरले होते. आपापल्या धर्मग्रामात कोणते काम 'योग्य वेळ' येण्याची वाट पाहत पडले आहे, आणि तोवर कोणाचे मूल मोठे होत आहे, हे प्रत्येक धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने स्वतःशी तपासावे, एवढीच आमची विनंती आहे.