अंकुराची वाढ : चित्रपटतंत्राच्या स्वयंशिक्षणाचा एक अध्याय

दादासाहेब फाळके यांचे नाव उच्चारताच ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांपुढे आला आणि भारतीय कथापटाचा आरंभ तेथून मोजण्याचा प्रघात पडला. तथापि चित्रपटाच्या इतिहासाकडे निर्मितीचा इतिहास म्हणून न पाहता तंत्रग्रहणाचा इतिहास म्हणून पाहिल्यास, त्याच्या अगोदरची एक चिमुकली कृती अधिक अर्थपूर्ण ठरते. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते, हे दाखविणारा जेमतेम मिनिटभराचा ‘अंकुराची वाढ’ हा चित्रपट म्हणजे ती कृती होय. वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांत माध्यमशास्त्राचा विद्यार्थी आज परीक्षेसाठी लघुपट करू लागतो, तेव्हा यंत्र आधी शिकावे की कृती आधी आरंभावी, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. वसईच्याच लोहमार्गावर असलेल्या दादर येथे एका चाळिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्याने 1912 मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते तपासण्याजोगे आहे.

फाळके यांचा जन्म 1870 मध्ये त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील आरेखन, ठसे तयार करणे, रंगीत मुद्रण आणि जादूचे खेळ असे अनेक व्यवसाय व छंद त्यांनी हाताळले. मुद्रणकलेच्या अभ्यासासाठी 1909 मध्ये ते जर्मनीसही जाऊन आले. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनात भारतीय देवदेवतांच्या चित्रपटाची कल्पना उद्भवली, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ती कल्पना कोऱ्या मनात उद्भवली नव्हती. भिंग, प्रकाश, रसायन व काळोखी खोली यांच्याशी वीस वर्षांचा परिचय असलेल्या कारागिराच्या मनात ती उद्भवली होती. नव्या तंत्राचे ग्रहण जुन्या तंत्राच्या आधारानेच होते, हा यातील पहिला निष्कर्ष होय.

1912 च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना मार्गदर्शन केले आणि सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील कार्यशाळेत निर्मितीची सर्व अंगे पाहण्याची संधी त्यांना मिळाली. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र व कच्ची फिल्म यांची तजवीज करून एप्रिलच्या आरंभी ते परतले. म्हणजे गुरुगृहीचा त्यांचा वास काही आठवड्यांचाच होता. इतक्या अल्पावधीत पद्धत डोळ्यांखालून जाते. हात मात्र तयार होत नाही. हात तयार होण्यासाठी स्वतःच स्वतःला अभ्यास घालून घ्यावा लागतो. वाटाण्याचे रोप हा अशाच प्रकारचा अभ्यास होता.

या प्रयोगाविषयी सामान्यतः असे सांगितले जाते की, महिनाभर रोज एक चित्र घेऊन तो सिद्ध झाला. साध्या गणिताने ही समजूत टिकत नाही. मूकपटाचा वेग सेकंदाला सुमारे 16 चित्रे धरला, तर एका मिनिटास 960 चित्रे लागतात. रोज एकच चित्र घेतले असते, तर तीस दिवसांच्या श्रमाचे फळ दोन सेकंदांत संपले असते. तेव्हा महिन्याचा अवधी व मिनिटाची लांबी ही दोन्ही खरी मानल्यास दिवसाला तीसच्या आसपास चित्रे घेतली गेली असली पाहिजेत. प्रयोगातील खरे शिक्षण येथेच दिसते. कॅमेरा तसूभरही हलता कामा नये, प्रकाश दिवसागणिक बदलत असता चित्राचा उजेड सारखा राहावा, आणि धुलाईत कसर राहू नये, ही तिन्ही बंधने त्या रोपाने घातली. नटाला चूक सावरून घेता येते; रोप पुन्हा पहिल्यापासून वाढवावे लागते. शिवाय या नटास वेतन लागत नव्हते आणि पडद्यावरील परिणाम मात्र चमत्कारासारखा होता. ही फीत पाहूनच काही स्नेह्यांनी मोठ्या चित्रपटासाठी कर्जाऊ रक्कम देण्याची तयारी दर्शविली.

या शिक्षणास एकट्या पुरुषाच्या प्रतिभेचे फळ मानणे मात्र अन्यायाचे होईल. कच्च्या फिल्मला छिद्रे घरीच पाडावी लागत, आणि ती अंधारात पाडावी लागत. छिद्रांचे अंतर किंचित चुकले की पडद्यावरील चित्र थरथरते. सरस्वतीबाई फाळके यांनी हे काम शिकून घेतले. फिल्म धुण्याचे व रसायने सिद्ध करण्याचे कामही त्या करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3,700 फूट होती. एका फुटात 16 चित्रे व प्रत्येक चित्रास दोन्ही बाजूंची मिळून आठ छिद्रे, या हिशेबाने तेवढ्या एका पट्टीवर 4,70,000 हून अधिक छिद्रे येतात. दिवसा कलावंत व कामगार यांच्या भोजनाची व्यवस्था पाहून रात्री हे काम चाले. भारतीय चित्रपटाची पहिली तंत्रशाळा एका गृहिणीच्या घरात भरली, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे होणार नाही.

जे शिकले ते दुसऱ्यास देता येणे, ही तंत्रग्रहणाची अंतिम कसोटी होय. फाळके यांनी आपले स्नेही त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा चालविण्यास शिकविले आणि ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रण त्यांच्याच हातून झाले. 1917 मध्ये तर चित्रपट कसे तयार होतात, हाच विषय घेऊन त्यांनी एक बोधपट काढला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः घडविण्यापासून आरंभ केला; त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल व शांताराम तयार झाले आणि त्यांच्या पुढाकाराने 1929 मध्ये ‘प्रभात’ उभी राहिली. पुढे पुण्यात ज्या आवारात प्रभातची चित्रे निघाली, तेथेच 1960 मध्ये सरकारी चित्रपटशिक्षणसंस्था स्थापन झाली. कार्यशाळेची जागा पाठशाळेने घेतली, ती अशी.

आजच्या विद्यार्थ्याच्या खिशातील दूरध्वनी ठराविक अंतराने चित्रे घेऊन रोपाची वाढ आपोआप दाखवितो. छिद्रे नकोत, रसायने नकोत. श्रम गेले ही इष्टापत्ती खरी. पण श्रमाबरोबर बंधनही गेले आणि बंधनाबरोबर चुकीचे कारण शोधण्याची गरजही ओसरली. ‘अंकुराची वाढ’ या कृतीचे महत्त्व तिच्या प्राथम्यात तितकेसे नाही. यंत्राची प्रत्येक मर्यादा उघड व्हावी असा लहान विषय निवडणे आणि तो शेवटास नेणे, या विवेकात ते आहे. हा विवेक कोणत्याही यंत्राबरोबर विकत मिळत नाही. तो 1912 मध्येही मिळत नव्हता.