मार आणि छप्पर

खाला नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली की नानी म्हणायची, “दोन दिवस राहा, मग जा.” कायदा आहे, हे दोघींच्या गावीही नव्हतं.

तो १९३९ सालचा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. त्याआधी हनफी मतानुसार बायकोला कोर्टातून सुटका मिळणं जवळजवळ अशक्य होतं. निकाह तुटावा म्हणून काही जणींनी धर्मच सोडला. त्या धास्तीने मौलाना अश्रफ अली थानवींनी मालिकी मताचा आधार शोधला, आणि उलेमांच्या पाठिंब्याने कायदा झाला. (हे सांगितलं की आजही लोक चकित होतात!) नेहमीची मारहाण, तिची मालमत्ता विकून टाकणं, ही त्यात क्रूरता ठरली. धर्म सोडून सुटण्याची वाट मात्र त्याच कायद्याने बंद केली.

पण मारातून सुटून राहायचं कुठे? १९८३ साली दंड संहितेत ४९८ अ कलम आलं. त्याने नवरा तुरुंगात जाई, छप्पर मिळत नसे. ते दिलं २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने. २६ ऑक्टोबर २००६पासून तो लागू झाला, सर्व धर्मांच्या स्त्रियांना. घरावर तिचं नाव असो वा नसो, तिथे राहण्याचा हक्क तिचा.

खाला तोवर गेली होती. तिची पत्र्याची पेटी नानीच्या घरी दाराशीच असायची.