द्विनेत्री दुर्बिणीची निवड

द्विनेत्री दुर्बीण हे दूरची वस्तू दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी मोठी व स्पष्ट पाहण्याचे प्रकाशीय उपकरण आहे. जर्मनीतील झाइस व लायका आणि ऑस्ट्रियातील स्वारोव्स्की या कंपन्यांच्या दुर्बिणी उच्च श्रेणीच्या मानल्या जातात.

आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवरील '८×४२' या आकड्यांपैकी पहिला विवर्धन, तर दुसरा वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवतो. व्यासाला विवर्धनाने भागल्यास नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. तो ८×४२ मध्ये ५.२५ मिमी, तर १०×४२ मध्ये ४.२ मिमी असतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली २ ते ३ मिमीपर्यंत आकुंचित असल्याने हा फरक जाणवत नाही. तिन्हीसांजेला मात्र जाणवतो. विवर्धन वाढते तसा हाताचा कंपही अधिक दिसतो.

तुलनेचे निकष

महाग दुर्बीण वस्तू अधिक मोठी दाखवते, हा गैरसमज आहे. किमतीतील फरक प्रामुख्याने काचेचा दर्जा, भिंगे व लोलकांवरील लेप आणि जोडणीची अचूकता यांमुळे पडतो. त्यामुळे प्रतिमा कडेपर्यंत रेखीव राहते व वस्तूच्या कडांवर रंगीत छटा कमी दिसतात. चष्मा वापरणाऱ्यांनी तो न काढता संपूर्ण दृश्यक्षेत्र दिसते का, हे पाहावे. नायट्रोजन भरलेल्या बंदिस्त दुर्बिणीत पावसाळ्यातही आतून बाष्प धरत नाही.

स्थानिक उपयोग

वाशीम जिल्ह्यातील रिसोडच्या पश्चिमेस लोणार सरोवर असून २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. अशा ठिकाणी पहाटे व सायंकाळी निरीक्षण करणाऱ्यांनी समान आकड्यांच्या दुर्बिणींची तुलना दुकानातील झगझगीत प्रकाशात न करता मंद उजेडात करावी.