ट्राम, चुंबकसूची आणि वेधांची सलगता : कुलाबा वेधशाळेच्या स्थलांतराचा इतिहास (१८४१–१९०७)

प्रस्तावना

गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरचा आयन-स्रोत साफ करावा, भाग पुन्हा जागच्या जागी बसवावेत, पंप सुरू करावा आणि यंत्र ट्यून होऊ नये, हा अनुभव अशा यंत्रावर काम करणाऱ्यांना नवीन नाही. कालपर्यंत परफ्लुओरोट्रायब्युटिल अमाइन या संदर्भ-पदार्थाची ६९, २१९ आणि ५०२ या वस्तुमानांची शिखरे योग्य प्रमाणात दाखविणारे यंत्र आज ती दाखवीत नाही. अशा वेळी अनुभवी तंत्रज्ञ लगेच पेचकस हाती घेत नाही. तो प्रथम १८, २८ व ३२ या वस्तुमानांकडे पाहतो. १८ चे शिखर मोठे असेल तर आत ओलावा राहिला आहे व पंपाला वेळ द्यावयास हवा. २८ व ३२ ची शिखरे साधारणतः चारास एक या प्रमाणात उठून दिसत असतील तर कोठून तरी बाहेरची हवा आत शिरत आहे. ही दोन्ही कारणे नसतील तरच फिलामेंट, भिंगे व जोडण्या यांच्याकडे वळावयाचे. या साऱ्यात त्याचा मुख्य आधार असतो तो देखभालीपूर्वी काढून ठेवलेल्या ट्यूनिंगच्या अहवालाचा. तो नसेल तर आजचे वाचन बिघडले आहे हे तरी कशावरून म्हणावयाचे?

दोष यंत्राचा, हाताळणीचा की भोवतालचा, हा प्रश्न मुंबईच्या विज्ञानजीवनात मास स्पेक्ट्रोमीटरच्या फार पूर्वी उपस्थित झाला होता. शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या कुलाबा वेधशाळेने तो कसा हाताळला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कुलाब्यातील चुंबकीय वेध

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये खगोलीय वेध घेण्यासाठी व बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळविण्यासाठी ही वेधशाळा उभारली. चुंबकीय व हवामानविषयक वेधांना आरंभ झाला तो १८४१ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली. छायाचित्रण-पद्धतीने आपोआप नोंद करणारी उपकरणे १८७२ मध्ये, चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकिर्दीत आली. तोपर्यंतची तीन दशके सारी भिस्त माणसाच्या डोळ्यांवर होती.

ही उपकरणे दिसावयास साधी, पण जुळवून ठेवण्यास कठीण होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे क्षितिजसमांतर बल मोजणाऱ्या उपकरणात चुंबक दोन समांतर तारांवर टांगलेला असे. तारांना पीळ देऊन तो चुंबकीय याम्योत्तराशी काटकोनात आणावा लागे. बल वाढले की चुंबक उत्तरेकडे झुके, घटले की तारांचा पीळ त्याला मागे खेची. हा सूक्ष्म झुकाव निरीक्षक दुर्बिणीतून मापपट्टीवर वाचीत असे. अडचण अशी की, चुंबक तापला की त्याची शक्ती किंचित घटते आणि ती घट मापपट्टीवर हुबेहूब पृथ्वीचे बल घटल्यासारखी दिसते. मुंबईच्या उन्हाळ्यात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. म्हणून अशा उपकरणाशेजारी तापमापी ठेवून त्याचीही नोंद करावी लागे व वाचनात तापमानाची दुरुस्ती करावी लागे. निरीक्षकाच्या खिशातील लोखंडी किल्लीदेखील या खोलीत उपद्रवी ठरू शकते.

१८५९ ची नोंद

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक प्रखर उद्रेक दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. त्या वेळी कुलाबा वेधशाळेची धुरा भारतीय नौदलातील फर्ग्युसन या अधिकाऱ्याकडे होती. २ सप्टेंबरच्या सकाळी, स्थानिक वेळेनुसार अकराच्या सुमारास, क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याची नोंद तेथे झाली. तेथील एकूण क्षितिजसमांतर बलाच्या चार टक्क्यांच्या आसपासची ही घट होती. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत छायाचित्रण-पद्धतीची उपकरणे होती, पण तेथील रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्यातील निरीक्षक मात्र डोळ्यांनी वाचीत असल्याने आकडा हाती राहिला. जुन्या पद्धतीने नव्या पद्धतीवर मात करावी असे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात थोडे आहेत. त्यांपैकी हा एक.

भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील जी. एस. लाखिना व एस. अॅलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी व वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासमवेत २००३ मध्ये या नोंदींचे नव्याने विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा जगभरातील अभ्यासकांचे लक्ष कुलाब्याकडे वळले. तुलनेसाठी सांगावयाचे तर, कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा बंद पाडणाऱ्या मार्च १९८९ च्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला इतका होता. अर्थात एका स्थानाचे क्षणिक वाचन आणि अनेक स्थानांची ताशी सरासरी यांची सरळ तुलना करता येत नाही. कुलाब्याच्या वाचनांची ताशी सरासरी काढली तर घट बरीच कमी भरते. शिवाय ती घट पृथ्वीभोवतीच्या वलय-प्रवाहामुळे झाली की उच्च वातावरणातील अन्य प्रवाहांमुळे, याविषयीही मतभेद आहेत.

मग ते वाचन उपकरणाचा दोष असू शकेल काय? प्रस्तुत लेखकाच्या मते ही शक्यता फार कमी आहे. तापमानामुळे येणारा फरक इतका मोठा नसतो व इतका अचानकही नसतो. टांगलेल्या चुंबकाला धक्का बसला अथवा तार सरकली, तर वाचन सहसा नव्या पातळीवर जाऊन तेथेच राहते. येथे काही तासांतच ते बरेचसे पूर्ववत झाले. आणि त्याच दिवशी युरोप-अमेरिकेतील तारायंत्रेही बिघडली होती.

ट्रामचे आगमन

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. तिच्यापासून चुंबकसूचीला भय नव्हते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ट्राम विजेवर चालविण्याची योजना पुढे आली, तेव्हा मात्र वेधशाळेपुढे संकट उभे राहिले. विजेच्या ट्राममध्ये डोक्यावरील तारेतून आलेला एकदिश प्रवाह रुळांवाटे परत जातो. पण रूळ जमिनीला लागून असल्याने त्याचा काही भाग मातीत झिरपतो व वाट फुटेल तिकडे वाहतो. प्रत्येक गाडी सुटताना व थांबताना हा प्रवाह बदलतो आणि त्याबरोबर परिसरातील चुंबकीय क्षेत्रही हेलकावते. टोरांटोच्या वेधशाळेला याच कारणास्तव १८९८ मध्ये अॅजिनकोर्ट येथे जावे लागले होते. क्यू येथील चुंबकीय कार्यही पुढे, १९०८ मध्ये सुरू झालेल्या स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर वेधशाळेकडे गेले.

१८९६ मध्ये चेंबर्स यांच्या निधनानंतर नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय व एडिंबरो येथे त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांचा जन्म १८५९ चा, म्हणजे त्या महावादळाच्याच वर्षातला, हा केवळ योगायोग. तापमानाचा दोष तापमापीने मोजून वजा करता येतो, परंतु कोणत्या क्षणी कोणती गाडी कोठे सुटली, हे मोजून वजा करण्याचा मार्ग नव्हता. उपकरण हलविणे एवढाच पर्याय उरला. त्यांनी मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेस असलेल्या अलिबागची निवड केली.

तेथील इमारतीसाठी कोकणातील काळा पाषाण वापरता येण्याजोगा नव्हता, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात व तो स्वतःच चुंबकीय असतो. म्हणून पोरबंदरचा दगड चुंबकीय दृष्टीने पारखून घेण्यात आला. बिजागऱ्या, खिळे इत्यादी वस्तू तांब्या-पितळेच्या वापरण्यात आल्या.

परंतु जागा बदलली की वाचनेही बदलतात. खालचा खडक निराळा, उपकरण निराळे, खोली निराळी. कुलाब्याची साठ वर्षांची मालिका एका दिवशी थांबवून दुसऱ्या दिवशी अलिबागची सुरू केली असती, तर दोहोंमधील फरकात निसर्गाचा भाग किती व स्थलांतराचा किती, हे कोणालाही सांगता आले नसते. म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले आणि दोन मालिकांमधील फरक निश्चित करण्यात आला. या निर्णयातील वेळेचे भान विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. ती आधी धावली असती तर कुलाब्याची वाचने दूषित झाली असती आणि तुलनेला शुद्ध आधार उरला नसता. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील वेध व त्यांची चर्चा १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. आजचे संशोधक कुलाबा आणि अलिबाग यांची मालिका एकच मानून वापरतात, ती या दोन वर्षांच्या बळावर.

ट्रामला मात्र येथे खलनायक ठरविण्याचे कारण नाही. गिरगावातील कारकुनाला आणि परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला तिने शहर जवळ आणून दिले. दादर टी.टी. या नावात ट्रामच्या अखेरच्या थांब्याची खूण अजून टिकून आहे. बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. त्यानंतरही चुंबकीय उपकरणे कुलाब्यास परत नेण्याचा प्रश्न उद्भवला नाही, कारण १९२५ पासून मुंबईची उपनगरी रेल्वे १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावू लागली होती. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली व अलिबागचे वेध तिच्याकडे आले.